चांदणी की चित्रपट्टी?

अडून बसणाऱ्या लेकरासाठी बक्षिसाची चांदणी बरी, की दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रांची पट्टी? परभणीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दोन्ही करून पाहिलं. डाऊन सिंड्रोमचं एक लेकरू परिपाठ संपला की फरशीवर बसकण मारायचं, जागचं हलायचंच नाही. म्हणून चांगल्या वागण्याला चांदणी चिकटवायला लागलो. दोन दिवस चाललं. संध्याकाळच्या चांदणीचा सकाळशी संबंध त्याला लागेना. द्यायचीच तर त्याच क्षणी, कशाबद्दल ते सांगून. खाऊचं बक्षीस तर नकोच. प्रेडर-विली हा जनुकीय विकार असलेल्या मुलांना पोट भरल्याचं जाणवतच नाही, त्यांना ते घातक.

मग पुठ्ठ्यावर क्रमानं चित्रं लावून चित्रपट्टी केली: वही, खिचडीचं ताट, चेंडू, घर. काम झालं की तो स्वतः चित्र उलटं करतो. डाऊनमध्ये ऐकलेलं लवकर निसटतं, पाहिलेलं बहुधा जास्त टिकतं. पुढं काय हे दिसायला लागलं आणि अडून बसणं कमी झालं. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकाराच्या लेकरांनाही हेच मानवतं. नजरेला नजर भिडवून दरडावलं की ती आणखी बिथरतात, चित्रपट्टीकडं बोट दाखवलेलं पुरतं.

मी आधी पट्टीच लावीन, चांदणी नंतर जोडीला. फक्त खिचडीला उशीर होणार असेल, तर पट्टीवरचं चित्रही त्याच्यासमोरच पुढं सरकवा.