तर्री पोह्याचं नवं हॉटेल: आठ महिन्यांनंतर

दसऱ्यानंतर आमच्या नागपुरात त्रिमूर्तीनगरकडे नाश्त्याचं नवं हॉटेल उघडलं. पहिल्याच आठवड्यात जाऊन आलो आणि घरी 'एक नंबर' म्हणून सांगून मोकळा झालो. पण पहिला महिना मालक स्वतः कढईजवळ उभा असतो, तेव्हाच्या मताला काय अर्थ? आता जून आला. अंबाझरीला फिरून परत येताना आठवड्यातून एकदा तरी, म्हणजे तीसेक वेळा खाणं झालंय.

पाटीवर तर्री पोहे (तर्री म्हणजे चन्याचा तिखट रस्सा), आलूबोंडा, समोसा, कचोरी आणि थंडीत सांबारवडी. इडली-डोसाही लिहिलाय. डोसा एकदा खाल्ला, पुरे झालं.

पोहे चांगलेच असतात. जाड पोहा, परातीखाली पाणी उकळत असतं, त्यामुळे नऊ वाजताही मऊ आणि मोकळा. वरून कच्चा कांदा, शेव, सांबार, लिंबाची फोड. (आमचे पुण्याचे जावई "सांबार टाकू का?" ऐकून दचकले होते. पोह्यावर डाळीचं सांबार? कोथिंबीर आली तेव्हा जीवात जीव आला त्यांच्या.)

खरा प्रश्न तर्रीचा. सकाळी साडेसातला गेलात तर दाट, सुक्या खोबऱ्याचा खमंग वास असलेली, वर तेलाचा लाल तवंग, चना बोटाने दाबला की पिठूळ होईल इतका शिजलेला. तिखट आहे पण पोटात आग पडत नाही. मिरची भिवापुरी वापरतो असं मालक सांगतो. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून सगळेच सांगतात, पण इथली चव तरी ते खोटं पाडत नाही. साडेनऊनंतर मात्र त्याच पातेल्यात गरम पाणी पडतं. रंग तोच राहतो, चव जाते. रविवारी तर नऊलाच.

जानेवारीत एकदा चना वरून गिळगिळीत, साल सुटलेलं, तर्रीला साबणासारखी चव. सोडा जास्त झाला हे पहिल्या घासातच कळलं. पोऱ्याला सांगितलं तर मालकच आला, चमचाभर चाखून म्हणाला, "काका, थंडीत चना भिजला नाही रात्रभरात, घाईत सोडा पडला." पैसे घेतले नाहीत. तोंड वाकडं करणारे मालक बरेच पाहिलेत, म्हणून हे लक्षात राहिलं.

सांबारवडीसाठी मुद्दाम डिसेंबरात जा. बाजारात सांबाराच्या जुड्या स्वस्त असतात तेव्हा आत हिरवं ठासून भरलेलं असतं, सोबतची कढी आंबटगोड. फेब्रुवारीच्या शेवटी तीच वडी घेतली तर आत खोबरं आणि खसखसच जास्त होती, दर तोच. आलूबोंडा बारा महिने चालेल असा, फक्त तर्रीत बुडवूनच खा. कोरडा खाल्ला तर बटाट्यात मीठ कमी लागतं.

बसायला सहा टेबलं. मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे गेला तेव्हा भट्टीजवळच्या दोन टेबलांवर बसणं शिक्षाच होती. कूलर आहे, पण त्याचं तोंड गल्ल्याकडे! हात धुवायचं बेसिन तुंबतं, हे तीनदा सांगून झालं. गाड्या रस्त्यावरच लावाव्या लागतात.

आता माझी खरी तक्रार. उघडलं तेव्हा प्लेट 30 रुपयांना होती, मार्चपासून 40. तेल, गॅस महागलं, मान्य. पण एप्रिलमध्ये भिंतीवर कागद चिकटला: 'एक्स्ट्रा तर्री 10 रुपये'. नागपुरात दुसऱ्यांदा तर्री मागणं म्हणजे काही चैन नाही. पोहे अर्ध्यावर आले की ते कोरडे पडतात, म्हणून पोऱ्या वगराळं घेऊन फिरतोच. दहा रुपयांचं दुःख नाही, पण वाटी पुढे करताना भिंतीकडे पाहावं लागतं. प्लेट 45 ची केली असती तरी मी गुपचूप दिले असते. मालकाला तसं बोललोही. तो हसला, कागद तिथेच आहे.

तरी जातो. सध्याची युक्ती अशी: साडेसातच्या आत पोहोचायचं आणि ऑर्डर देतानाच म्हणायचं, "भाऊ, पोहा कमी, तर्री जास्त." वाटी काठोकाठ भरून येते, वरचे दहा रुपये लागत नाहीत. रविवारी हे चालत नाही, मालक स्वतः वाढतो.