अमेरिकेतल्या बेसबॉल मॅचेस दाखवणारं ॲप: रत्नागिरीकरांनी घ्यावं का?
न्यूयॉर्कची संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचार, मिरकरवाडा बंदरात होड्या लागायच्या टायमाला. रेंज गेली की लाइव्ह अडकतं, पण जुन्या मॅचेसचा साठा एकदम भारी. २०१३ चा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) बार्तोलो कोलोन बघा, वय ४०, पोट सुटलेलं, ओकलंडच्या टीमने ३० लाख डॉलरात ठेवलेला आणि पठ्ठ्याने जवळजवळ सगळे फास्टबॉलच टाकून १८ मॅच जिंकून दिल्या! असा म्हातारा पिचर स्वस्तात मिळत असेल तर घ्यावाच, नाय चालला तर सोडा, बुडतंय काय? फक्त अख्खी टीम असल्यांच्या जिवावर नको. आमच्या टेनिस बॉल टुर्नामेंटवाल्यांनी बघाच, पोरांच्या स्पीडवर पैसे उडवतात नि मग वाइड मोजत बसतात. वर्षाचा प्लॅन महाग वाटतो, आधी महिन्याचा घ्या.