ताठर पाय, न थांबणारे हात: सेरेब्रल पाल्सीची दोन रूपं

कोथरूडच्या आमच्या थेरपीच्या खोलीत सकाळी दोन मुलं शेजारी असतात. फाइलवर निदान एकच, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे कोवळ्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा न राहणं. पण दुखणं अगदी वेगळं.

मुलगा 30 आठवड्यांतच जन्मला. इतक्या कमी दिवसांच्या बाळात मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग नाजूक असतो. पायांकडे जाणारे तंतू तिथूनच, पोकळीला खेटून जातात, म्हणून हातांपेक्षा पाय जास्त आखडतात. तो चवड्यांवर चालतो, गुडघे एकमेकांना घासतात, नव्या बुटांची टोकं महिनाभरात झिजतात. ताठरपणाचा हा गटच मोठा, साधारण 80 टक्के मुलं त्यात येतात.

मुलगी पूर्ण दिवसांची. पहिल्याच आठवड्यात कावीळ चढली आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, मेंदूच्या खोल गाभ्यात शिरलं. जन्मताना प्राणवायू फार कमी पडला तरी याच गाभ्याला इजा होऊ शकते. वाटी धरायला गेली की तिचं सगळं अंग पिळवटतं. झोपली की शांत. ऐकायलाही कमी येतं. 'हिला काही कळत नाही' असं कुणी म्हटलं की मला फार राग येतो. तिला कळतं, सांगता येत नाही.

मुलाला स्ट्रेचिंग आणि पाय नीट धरून ठेवणारा स्प्लिंट. तिला आधाराची खुर्ची आणि चित्रांचा तक्ता.

तिचं दुखणं मात्र टळलं असतं. कोवळ्या उन्हावर विसंबू नका. बाळाचे तळवे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. निळ्या दिव्याखालचे उपचार वेळेत व्हायला हवेत.