चार्ट बदलतो, मथळा बदलत नाही

दर महिन्याच्या आढाव्याची पीपीटी माझ्या गळ्यात आहे. ४४ स्लाइड, त्यांत ३१ चार्ट. सुरुवातीची चार वर्षं मी हे चार्ट एक्सेलमधून उचलून चित्र म्हणून चिकटवायचे. त्यात दीड दिवस जायचा, पण त्याचं फारसं काही वाटायचं नाही. खरं दुखणं वेगळं होतं. शेवटच्या संध्याकाळी कुणीतरी एक आकडा सुधारून पाठवायचं. तो मी ९व्या स्लाइडवर बदलायचे आणि २७व्या स्लाइडवर तोच आकडा जुन्या अवतारात बसून राहायचा. मीटिंगमध्ये सगळ्यांचं लक्ष नेमकं २७व्या स्लाइडवर जायचं, हे सांगायला नकोच.

म्हणून आपोआप अपडेट होणाऱ्या चार्टच्या मागे लागले. पॉवरपॉइंटची स्वतःची सोय, गुगल स्लाइड्सची सोय, एक विकतचं अ‍ॅड-इन (पॉवरपॉइंटला वरून जोडायचं सॉफ्टवेअर) आणि डॅशबोर्ड (आकड्यांचा सतत ताजा होणारा फलक) थेट स्लाइडवर आणायचा प्रकार, असं सगळं वापरून झालं. आवडलं का? हो. आपोआप आहे का? तिथंच तर गोम आहे.

पॉवरपॉइंटपासून सुरू करते, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. एक्सेलमधला चार्ट कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केला की कोपऱ्यात एक छोटी खूण उमटते. तिच्यात पाच पर्याय असतात. दोन पर्याय अख्खी वर्कबुक, म्हणजे एक्सेलची सगळ्या शीटसकट फाइल, पीपीटीच्या पोटात भरतात, दोन फक्त लिंक ठेवतात आणि पाचवा म्हणजे साधं चित्र. कंट्रोल-व्ही दाबून पुढं गेलात तर स्लाइडच्या रंगात रंगलेला आणि मूळ फाइलशी लिंक असलेला चार्ट मिळतो. म्हणजे कित्येक लोक वर्षानुवर्षं लिंक केलेले चार्ट वापरत असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. आमच्याकडच्या एका ज्युनियरनं मला विचारलं होतं, "मॅडम, ही पीपीटी उघडली की अपडेट लिंक्स की कॅन्सल असं का विचारते? व्हायरस आहे का?" मुलगा सहा महिने रोज कॅन्सल दाबत होता.

वर्कबुक पोटात भरणारे दोन पर्याय मी वापरतच नाही. फाइल फुगते हे एक. दुसरं कारण ऐकून घ्या. बाहेर पाठवायच्या एका पीपीटीत मी सहज एका चार्टवर राइट क्लिक करून एडिट डेटा दाबलं, तर आमची सगळीच्या सगळी वर्कबुक समोर उघडली. चार्ट एका शीटचा होता, पण माणसागणिक इन्सेंटिव्हची शीटसुद्धा बरोबर आली होती. मीच पेस्ट करताना चुकीचा पर्याय निवडला होता. मेल जायला दहा मिनिटं होती. त्या दिवसापासून बाहेर जाणारी प्रत्येक पीपीटी मी आधी पीडीएफ करते.

लिंकचा पर्याय घेतला की काम खरंच हलकं होतं. एक्सेल आणि पीपीटी दोन्ही उघड्या असतील तर सेलमध्ये आकडा बदलताच स्लाइडवरचा स्तंभ वरखाली होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उगाचच पाच-सहा वेळा आकडा बदलून बघितला. पीपीटी बंद असताना एक्सेल बदललं तर पुढच्या वेळी उघडताना तो मघाचा प्रश्न येतो. अपडेट लिंक्स म्हणा, की झालं. तरी एखादा चार्ट हटून बसलाच तर चार्ट डिझाइनमध्ये रिफ्रेश डेटा आहे.

यातली सगळ्यात कामाची खिडकी मात्र आडबाजूला आहे. फाइलमध्ये जायचं, इन्फोवर यायचं आणि उजवीकडे अगदी खाली एडिट लिंक्स टू फाइल्स. पीपीटीत लिंक नसेल तर ही ओळ दिसतही नाही, त्यामुळे ती असते हेच अनेकांना माहीत नसतं. तिथं प्रत्येक लिंक कुठल्या फाइलकडे बघते ते कळतं, ती ऑटोमॅटिक ठेवायची की मॅन्युअल ते ठरवता येतं, मूळ फाइल बदलता येते आणि लिंक तोडताही येते. ३१ चार्ट असतील तर ही यादी वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा, पण मी महिन्यातून एकदा ती वाचतेच.

का, ते सांगते. एका जूनमध्ये मी फोल्डरचं नाव "जून अंतिम"वरून "जून अंतिम २" केलं. (प्रत्येक ऑफिसात "अंतिम ४" नावाचं एक तरी फोल्डर असतं, त्यामुळे हसू नका.) लिंकमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि तो पत्ता आता चुकीचा झाला होता. पीपीटी उघडताना काहीतरी संदेश आला, तो मी घाईत बंद केला. चार्ट सगळे जागच्या जागी, रंगीत, टापटीप. फक्त आकडे मेचे.

फुली नाही, लाल खूण नाही, रिकामी चौकट नाही. असं कसं होतं म्हणून नंतर मी त्या पीपीटीची एक प्रत घेतली, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि आत डोकावले. पॉवरपॉइंटची आजची फाइल म्हणजे आतून एक झिपच असते. आत चार्टचं वेगळं फोल्डर आणि प्रत्येक चार्टची एकेक एक्सएमएल (म्हणजे वाचता येईल अशा मजकुराची) फाइल. त्या फाइलमध्ये कुठल्या शीटमधल्या कुठल्या सेलमधून आकडे घ्यायचे ते लिहिलेलं असतं आणि त्याच्याच शेजारी शेवटचे मिळालेले आकडे जसेच्या तसे साठवलेले असतात. लिंक तुटली की चार्ट हा साठा दाखवत राहतो. ही योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून सादर करायची वेळ येते तेव्हा हाच साठा अब्रू वाचवतो. पण ताजा चार्ट आणि शिळा चार्ट दिसायला जुळे भाऊ असतात, हे लक्षात ठेवूनच ही सोय वापरावी लागते.

आणखी एक. खाली नवीन ओळ जोडली की स्लाइडवरचा चार्ट ती आपणहून घेईल, असं गृहीत धरू नका. मी बारा महिन्यांच्या बारा ओळी आधीच मांडून ठेवते, पुढचे महिने रिकामे. चार्टची हद्द वर्षभर हलवावी लागत नाही.

गुगल स्लाइड्समध्ये उलट आहे. नाव आपोआपचं आणि काम बटणाचं. इन्सर्टमधून चार्ट, मग फ्रॉम शीट्स, आणि लिंक टू स्प्रेडशीटची खूण तशीच ठेवायची. शीटमधले आकडे बदलले की स्लाइडवरच्या चार्टच्या कोपऱ्यात अपडेट असं बटण उगवतं. ते दाबेपर्यंत चार्ट ढिम्म हलत नाही. सगळे एकदम बदलायचे तर टूल्समध्ये लिंक्ड ऑब्जेक्ट्स उघडून अपडेट ऑल. सुरुवातीला मला हे अर्धवट वाटलं होतं. आता मला चौघांत हेच जास्त आवडतं. बटण उगवतं याचा अर्थ मूळ आकडे बदललेत, हे मला न शोधता कळतं. आणि ते आत घ्यायचे की नाहीत, हे मी ठरवते. शिवाय लिंक फाइलच्या नावावर टांगलेली नाही, त्यामुळे शीटचं नाव दहादा बदला, काही बिघडत नाही.

उणं आहेच. स्लाइडवर आलेला चार्ट जवळपास चित्रासारखा असतो. रंग, अक्षरांचा आकार, अक्षाची सुरुवात, सगळं शीटमध्ये जाऊन बदलायचं आणि परत येऊन अपडेट दाबायचं. आमच्या डिझाइनवाल्या मुलीनं दोन दिवसांत हात टेकले. ज्यांना थोडी अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गुगलच्या फाइलींसाठी छोटे प्रोग्राम लिहायची सोय) येते त्यांना वेळ ठरवून रात्रीतून सगळे चार्ट रिफ्रेश करता येतात. मी ते लिहून घेतलं, महिनाभर चालवलं आणि बंद केलं. सकाळी उठून पीपीटीत काय बदललंय ते शोधत बसण्यापेक्षा स्वतः बटण दाबलेलं बरं.

विकतच्या अ‍ॅड-इनबद्दल थोडक्यात. थिंक-सेलसारखी अ‍ॅड-इन लिंकला स्वतःची ओळख देतात, त्यामुळे फाइलचं नाव किंवा जागा बदलली तरी लिंक टिकते. माझं जूनचं प्रकरण तिथं झालंच नसतं. मी वापरलं ते अ‍ॅड-इन दुसरं, त्याचं नाव घेत नाही. चार्ट देखणे व्हायचे, पण ज्याच्या कॉम्प्युटरवर ते नाही त्याला चार्टमधलं काहीच बदलता यायचं नाही. महिनाअखेरीच्या संध्याकाळी ते एकदा उघडेना, आणि मदतीच्या मेलला उत्तर आलं तेव्हा मीटिंग होऊन दोन दिवस झाले होते. घ्यायचंच असेल तर टीममध्ये सगळ्यांना मिळणार असेल तरच घ्या.

डॅशबोर्ड थेट स्लाइडवर आणायची सोयही आता मिळते. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरचं पॉवरपॉइंटसाठी तसं अ‍ॅड-इन आहे. स्लाइडवरच फिल्टर फिरवता येतो, प्रश्न आला की जागेवर उत्तर काढता येतं. त्यासाठी इंटरनेट हवं आणि बघणाऱ्याला मूळ रिपोर्टची परवानगी हवी. आम्ही असाच एक जिवंत चार्ट आढाव्यात ठेवला होता. सकाळच्या तालमीत सरांनी आकडा पाठ केला ४१८. दुपारी स्लाइड उघडली तेव्हा ४२३. सर बोलताहेत ४१८, मागे पडद्यावर ४२३, आणि समोरचे वही-पेन घेऊन बसलेले. आकडा दोन्ही वेळी बरोबरच होता. पण ते कुणाला समजावणार? तेव्हापासून तो चार्ट आम्ही फक्त आपसातल्या चर्चेत वापरतो आणि मोठ्या मीटिंगआधी त्याचं चित्र करून टाकतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. चार्ट अपडेट होतो, पण स्लाइडवर चार्ट एकटा कधी असतो? वर मथळा असतो, "पश्चिम विभाग सलग तिसऱ्या महिन्यात पुढे". चार्टवर मी हौसेनं काढलेला बाण असतो, एका स्तंभाभोवती लाल वर्तुळ असतं, खाली "वाढ १२ टक्के" अशी ओळ असते. यातलं काहीही हलत नाही. मार्चमध्ये लिंक व्यवस्थित अपडेट झाल्या, पश्चिम विभाग दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि मथळा वरून ठणकावून सांगत राहिला की तोच पुढे आहे. बाण ज्या स्तंभाकडे दाखवत होता तो आता सगळ्यात बुटका होता. चित्रं चिकटवायचे तेव्हा ही चूक माझ्या हातून होत नव्हती, कारण प्रत्येक चार्ट हातानं लावताना तो डोळ्यांखालून जायचा. आपोआप व्हायला लागलं आणि माझं बघणं सुटलं. दीड दिवसाचं काम वीस मिनिटांवर आलं खरं, पण वाचलेल्या वेळातला एक तास मी आता फक्त मथळे वाचण्यात घालवते. चार्टसकट, मोठ्यानं. शेजारचे हसतात.

जुन्या पीपीटींचंही असंच. वर्षापूर्वीची पीपीटी संदर्भासाठी उघडली आणि सवयीनं अपडेट लिंक्स दाबलं, तर त्या मीटिंगला दाखवलेले आकडे जाऊन आजचे आकडे येतात. मग "तुम्ही तेव्हा वेगळं सांगितलं होतं" या वाक्याला उत्तर द्यायला हातात काही उरत नाही. मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी मी एक प्रत काढते, एडिट लिंक्समध्ये जाऊन सगळ्या लिंक तोडते आणि ती प्रत वेगळी ठेवते. गुगलमध्ये अनलिंक आहे, तेच काम.

घ्यावं का? महिन्याला तीन-चार चार्ट असतील तर या भानगडीत पडू नका, चित्र चिकटवा. दहाच्या वर असतील आणि तेच ते चार्ट दर वेळी लागत असतील, तर पॉवरपॉइंटची लिंक पुरेशी आहे, फक्त मूळ फाइल एका जागी ठेवा आणि तिचं नाव बदलायचा मोह आवरा. चारपाच जण मिळून पीपीटी करत असतील तर गुगल.

एक युक्ती मात्र सगळीकडे चालते आणि ती मला कुणी शिकवली नाही, जूनच्या फजितीनं शिकवली. चार्टच्या खालच्या लेजेंडमध्ये (कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या ओळीत) जे नाव येतं ते शीटमधल्या रकान्याच्या मथळ्यातून येतं आणि आकड्यांबरोबर तेही अपडेट होतं. म्हणून माझ्या शीटमध्ये त्या मथळ्यात नुसतं "विक्री" नसतं. तारखांच्या रकान्यातली सगळ्यात अलीकडची तारीख मॅक्स फॉर्म्युलानं उचलून मी ती नावाला जोडते, म्हणजे लेजेंडमध्ये "विक्री, ३० जूनपर्यंत" असं दिसतं. हातानं काही लिहायचं नाही. चार्ट शिळा राहिला तर तो स्वतःच कबुली देतो.

गेल्या महिन्याच्या आढाव्यात आमच्या वरच्या मॅडमनी १४वी स्लाइड बघता बघता मला थांबवलं. "अहो, इथं १२ तारखेपर्यंत असं लिहिलंय. आज १८ ना?" मी लॅपटॉप ओढला, रिफ्रेश दाबलं, स्तंभ बोटभर वर सरकला. मथळा मी तिथंच, सगळ्यांसमोर बदलला.