नखुरडं, मलम आणि फक्त उजवाच फाटणारा मोजा : पाच महिन्यांनंतर

काल भांडी घासायचा उजवा मोजा परत तर्जनीच्या टोकाला फाटला. पाच महिन्यांत हा चौथा! डावे चारही ठणठणीत, ओट्याखाली पडून आहेत. सुटा उजवा दुकानदार देत नाही. "ताई, जोडीच घ्यावी लागेल."

माझं डब्यांचं काम, त्यामुळे हात दिवसातले चार-पाच तास पाण्यात. गणपतीनंतर मधल्या बोटाच्या नखाची कड सुजली. सासूबाईंनी लिंबाला भोक पाडून बोटात बसवलं, रात्रभर नुसती आग. मेडिकलमधून क्लोट्रिमॅझोलची (बुरशीवरच्या मलमाची) ट्यूब आणली, दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून उरलेली जपून ठेवली. महिन्याभरात पुन्हा तेच, वर नखावर आडव्या वळ्या. तेव्हा ट्यूबला फालतू म्हटलं होतं, ते शब्द मागे घेते.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी शुगर तपासायला लावली (नॉर्मल आली). मग म्हणाले, नखाच्या मुळाशी चिकटलेला पातळ पापुद्रा साबण-पाण्याने सुटला की फट पडते, तिथे ओल राहते आणि कॅन्डिडा नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशीच, वाढतं. फट बुजेपर्यंत नुसत्या बुरशीच्या मलमाने भागत नाही. सूज उतरायला थोडे दिवस स्टिरॉइडचं मलम दिलं. ते मात्र मनाने आणून चोपडू नका. आणि एकाएकी पू होऊन ठणकायला लागलं तर ते बहुधा बॅक्टेरियाचं असतं, त्याला लगेच दाखवायचं.

खरा उपाय म्हणजे हात कोरडे ठेवणं. म्हणून हे मोजे. पहिला महिना उलटाच गेला, आत घामाने बोटं पांढरीफटक. आतून सुती मोजे घालायला लागले तेव्हा कुठे फरक पडला. तेही रोज धुऊन वाळवलेले हवेत. पार्लरमध्ये तो पापुद्रा मागे ढकलून कापतात, ते कायमचं बंद केलं. तेवढेच पैसे वाचले, म्हणजे मोज्यांत गेले.

दोन महिन्यांत सूज गेली. नख महिन्याला जेमतेम 3 मिमी वाढतं, त्यामुळे वळ्या आत्ता कुठे टोकाशी पोचल्यात.

डावा मोजा उलटा करून उजव्या हातात घालून पाहिला. बसतो, पण खरखरीत बाजू आत जाते आणि पातेलं निसटतं. डावखुरं कोणी असेल तर सांगा, तुमचे उजवे उरत असतील.