मामाच्या खोक्यातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या : चक्क आवडल्या

आधी कबुली देतो, ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की मी चार हात लांब. शाळेत असताना दोन-तीन वाचलेल्या आणि डोक्यात एवढंच राहिलं की प्रत्येक जण मान ताठ करून बोलतो, डोळ्यांत अंगार, पानापानावर मुजरे. त्यात सध्या व्हॉट्सअॅपवर जे काय फिरतं ते बघून उरलीसुरली इच्छा पण गेली होती. पण मामाने डोंबिवलीचं घर आवरताना एक खोकं माझ्या गळ्यात मारलं आणि ते दोन महिने पलंगाशेजारी पडून होतं, बायकोने शेवटी विचारलं की हे वाचणारेस की रद्दीत देऊ, म्हणून वरचं उचललं. ते निघालं विश्वास पाटलांचं ‘पानिपत’.

मी अकाउंट्सवाला माणूस, दिवसभर जीएसटी आणि लेजर. तर मला वाटलेलं लढाई, तलवारी, बास. आणि हे पुस्तक मला निम्म्याहून जास्त हिशेबाचं वाटलं! पैसा कुठून येणार, धान्य किती दिवस पुरणार, बरोबर आलेल्या यात्रेकरूंना आणि बायकापोरांना खायला कोण घालणार. भाऊसाहेबांनी दिल्लीत लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली हे शाळेत एका ओळीत वाचलं होतं, पण त्या नऊ लाखाच्या आसपास रुपयांत फौजेचा जेमतेम महिनाभराचा खर्च निघाला हे आत्ता कळलं आणि पोटात गोळा आला, कारण महिनाअखेरीला खात्यात पैसे नसताना पगार करायचे म्हणजे काय ते मला चांगलं माहितेय.

नकाशा फोनवर उघडून बसलो होतो. ऑक्टोबर 1760 मधे आपण वर कुंजपुरा जिंकून खुशीत, आणि अब्दाली खाली बागपतला यमुना ओलांडून आला. म्हणजे झालं काय तर तो दिल्लीच्या बाजूला आणि आपण काबूलच्या बाजूला! घराकडचा रस्ताच बंद. मग दोन-अडीच महिने छावणीत कोंडून, त्यात डिसेंबरात रसद बघणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि 14 जानेवारीला उपाशीपोटी बाहेर पडले. शेवट माहीत असूनही मी रात्री दोनपर्यंत वाचत होतो, हे माझ्याबाबतीत गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. भाऊंची बाजू जरा जास्तच घेतलीय असं मला वाटलं, आणि नावं इतकी की मी शेवटी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने कोण कुणाचा ते लिहून ठेवलं. (मामा, सॉरी.)

पण खरा धक्का दुसऱ्या पुस्तकाने दिला. ना. सं. इनामदारांची ‘झेप’. नायक कोण, तर त्रिंबकजी डेंगळे! साधा जासूद म्हणून लागलेला माणूस दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी होतो. 1815 मधे पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला, त्याचा ठपका याच्यावर, आणि पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याला ताब्यात घेतल्याशिवाय ऐकेना. मला हा माणूस फक्त परीक्षेतला ‘टीपा लिहा’ म्हणून माहीत होता, तोही खलनायक. इथे तो धूर्त आहे, रांगडा आहे, धन्यासाठी वाटेल ते करणारा आहे, आणि धनी कसला आहे हे आपल्याला दिसत असतं म्हणून जास्त वाईट वाटतं.

आणि इंग्रजांनी त्याला ठेवला कुठे, तर आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात. म्हणजे आताचं सेंट्रल जेल. मी रोज रिक्षाने त्या भिंतीजवळून जातो हो! सप्टेंबर 1816 मधे तो तिथून पळाला. पुस्तक संपल्यावर इकडेतिकडे शोधलं तर बिशप हेबर नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलेला किस्सा सापडला : एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करत मराठीत गाणं म्हणायचा, पहारेकरी गोरे, त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि गाण्यात निरोप असा की पंचावन्न घोडे तयार आहेत, माणसं चोपन्नच आहेत. आता पंचावन्नावा कोण ते समजून घ्या. पुढे तो परत सापडला आणि पार बनारसजवळ चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवला, तिथेच गेला बिचारा.

‘झेप’ची भाषा सुरुवातीला जड जाते, पहिली पन्नासेक पानं मी रेटूनच वाचली, मग लागते गोडी. माझी प्रत जुनी, अक्षर बारीक, आणि बाइंडिंग असं की प्रत्येक पान हातात. नवीन घेतलीत तर बरं.

तिसरं ‘स्वामी’. साहित्य अकादमीवालं, सगळ्यांचं लाडकं, आमच्या आईचं तर फारच. मला ठीक वाटलं. माधवराव-रमाबाईंचं गोड आहे, काका-पुतण्याचं भांडण तर कुठल्याही वाड्यात, फ्लॅटमधे चालेल असं आहे, थेऊरचा शेवट वाचताना घसा दाटतो हे पण खरं, पण संवाद फार सजवलेले, माणसं आजारपणातसुद्धा इतकं सुंदर कशी बोलतात कळत नाही. आईला हे सांगितलं तर दोन दिवस नीट बोलली नाही.

कुणाला सुरू करायचं असेल तर आधी ‘पानिपत’ घ्या, ‘झेप’ नंतर. आता उशाशी ‘झुंज’ आहे, यशवंतराव होळकरांवरचं, परत इनामदारच. परवा मामाला फोन करून विचारलं ‘राऊ’ खोक्यात कसं नाही, तर म्हणाला, ते नाही देणार, ते माझ्याबरोबर वर जाईल.