मपीदसा म्हणजे क्रोम (फ्लो लाँचर, सहा महिने वापरून)

भाषांतराची कामं करतो, म्हणजे दिवसभर वर्डमधून पीडीएफ, तिथून ब्राउझर, परत वर्ड, आणि दर वेळी हात कीबोर्डवरून उचलून माउस शोधायचा. मित्राने फ्लो लाँचर (कीबोर्डवरूनच प्रोग्रॅम आणि फाइली उघडून देणारं सॉफ्टवेअर) टाकून दिला तेव्हा वाटलं हे प्रोग्रॅमरलोकांचं खूळ, स्टार्ट मेनू काय वाईट आहे. आता त्याच्याशिवाय करमत नाही.

विंडोजसाठी आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, वॉक्स नावाच्या जुन्या लाँचरवरून बनवलाय. (मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे स्पॉटलाइट आहेच, वर अल्फ्रेड आणि रेकास्ट पण, तुम्ही पुढे चला.) अल्ट आणि स्पेस दाबलं की एक पट्टी येते, दोन-तीन अक्षरं मारायची आणि एंटर, बास. तुम्ही काय जास्त उघडता ते त्याच्या लक्षात राहतं, मग ते वर यायला लागतं.

पण मराठीत टाइप करणाऱ्याची गोची वेगळीच. मी इनस्क्रिप्टवाला, म्हणजे प्रत्येक बटणावर ठरलेलं देवनागरी अक्षर असतं तो कीबोर्ड. वर्डमध्ये मराठी चालू असताना अल्ट-स्पेस मारून सवयीने क्रोमचं स्पेलिंग मारलं की पट्टीत उमटतं 'मपीदसा'. कॅल्क्युलेटरसाठी कॅल्क मारलं की 'मोतम'. त्यात भाषा बदलायला विंडोज-स्पेस, लाँचरला अल्ट-स्पेस, दोन्ही बटणं शेजारीशेजारी, त्यामुळे बोटांचा नुसता गोंधळ, पहिले दोन आठवडे मी शिव्याच घातल्या. मग सेटिंग्जमध्ये दिसलं की टायपिंग नेहमी इंग्रजीतच सुरू व्हावं असा एक पर्याय आहे. तो चालू केला आणि सुटलो. मराठीत काम करणाऱ्यांनी इन्स्टॉल केल्यावर आधी तेवढं करा, बाकीचं नंतर.

फाइली शोधायला मी त्याला एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर जोडलंय, तेही फुकट. हे एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही, डिस्कवर फाइलींची जी मूळ यादी असते तीच वाचतं, म्हणून अक्षर मारेपर्यंत फाइल समोर. फाइलचं नाव देवनागरीत असलं तरी सापडते, 'सातबारा' मारलं की तीन वर्षांतले सगळे सातबारे रांगेत. एरवी फक्त नावावरून शोधतं हे लक्षात ठेवा, आतला मजकूर आपणहून बघत नाही. क्लायंटने 'स्कॅन 0012' नावाने पाठवलेलं खरेदीखत असेल तर आलं की लगेच नाव बदलायचं, नाहीतर गेलं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे शब्दकोश. कुठल्याही साइटच्या सर्चचा पत्ता घ्यायचा, शब्दाच्या जागी महिरपी कंसात क्यू टाकायचा आणि त्याला आपला शॉर्टकट द्यायचा. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, तो मी असा जोडलाय. जुन्या दस्तात 'मजकूर', 'बित्तपशील' असलं काही आलं की शॉर्टकट, शब्द, एंटर. इथे मात्र मध्येच विंडोज-स्पेस मारून मराठीत यावं लागतं, त्याला इलाज नाही.

हिशेब पण पट्टीतच होतो. 12750 गुणिले 18 भागिले 100 मारलं की 2295, एंटर मारलं की आकडा कॉपी, बिलात चिकटवायचा.

खटकणाऱ्या गोष्टी? प्लगिनांचा (लाँचरला वरून जोडायच्या जादा सोयींचा) ढीग आहे आणि माणूस उगाच टाकत सुटतो, मी पंधरा टाकले होते, आता चार आहेत. आणि अल्ट-स्पेसने विंडोजचा जो मूळ मेनू उघडायचा, खिडकी हलवायचा, मोठी करायचा, तो आता येत नाही. तो वापरत असाल तर लाँचरचं बटण बदलून घ्या. मी बदललं नाही, त्यामुळे बायकोच्या लॅपटॉपवर बसलो की अल्ट-स्पेस मारतो, तो मेनू उघडतो, आणि पुढच्या दोन अक्षरांत तिची एक्सेलची खिडकी मिनिमाइज.